‘रग्बी आपल्या मातीतला खेळ नाही’: एका लोकप्रिय दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

रग्बीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: रग्बी भारतात रुजणं शक्यच नाही. १८७२ मध्ये खुद्द इंग्रजांनी प्रयत्न केला आणि पाच वर्षांत गाशा गुंडाळला. आपली शरीरयष्टी या खेळाची नाही. आपली मैदानं कडक, पडलं की हाड मोडणार. साहित्य परवडत नाही. मुलींना तर हा खेळ देऊच नये. नियम कोणाला कळत नाहीत. खेळून नोकरी लागत नाही. आणि २०२५ मध्ये मुंबईत लीग भरवली, तरी त्याने काही बदलणार नाही.

यातली एकदोन वाक्यं अर्धी खरी आहेत, ती तशी मान्य करू. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं. मुख्याध्यापक परवानगी नाकारतात, पालक मुलीला मैदानावरून घरी नेतात, क्रीडाशिक्षक आलेले चेंडू कपाटात ठेवून देतात. आपल्याकडे रग्बी शरीरामुळे अडत नाही आणि मातीमुळेही नाही. पहिल्या दिवशी साठ मुलं येतात, दुसऱ्या आठवड्यात कोच येत नाही, दुसऱ्या महिन्यात सामना नसतो, आणि सामना ठरलाच तर रेफरी नसतो. अडतं ते इथे.

‘इंग्रजांनाही जमलं नाही’

२५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे लोक, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. पुढच्या महिन्यात क्लब निघाला आणि १८७४ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनचा सदस्य झाला. १८७७ मध्ये क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून ते वितळवले आणि त्याचा चषक बनवला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा कलकत्ता कप १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. इथवरचा इतिहास खरा.

पण क्लब का बंद पडला? त्याच्या खेळाडूंत लष्करी लोक बरेच होते, त्यांची पलटण १८७६ मध्ये गेली. सदस्यांना फुकट मिळणारी दारू बंद झाली, तशी वर्दळ आटली. उरलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. हवामानाचंही कारण सांगितलं गेलं. या सगळ्यात शाळेतली मुलं कुठेच नव्हती आणि स्थानिक खेळाडू घडवावेत असा कोणाचा विचारही नव्हता. बदली होणाऱ्या प्रौढांच्या क्लबाची ती गोष्ट आहे. तिच्यावरून भारतीय मुलांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

पुढेही खेळ जिमखान्यांत राहिला, हे खरं. राष्ट्रीय संघटना १९९८ मध्ये झाली आणि २००१ पर्यंत तिला जागतिक संघटनेचं पूर्ण सदस्यत्व मिळालं. म्हणजे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर पद्धतशीर काम सुरू होऊन पाव शतकच झालं आहे. तेवढ्या काळात कोलकात्याच्या वस्त्यांत जंगल क्रोज या क्लबने मुलांचे संघ उभे केले. ओडिशातल्या आदिवासी मुलांचा संघ २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आला. ज्यांच्या घरी रग्बी हा शब्दही पोहोचला नव्हता अशी ही मुलं होती.

‘आपली शरीरयष्टी या खेळाची नाही’

हा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी मान्य करण्यासारखं. पंधरा जणांच्या खेळात वरच्या पातळीवर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, १०० ते १२० किलोंचे असतात. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ जण एकमेकांना रेटतात, तिथे वजन बोलतं. सरासरी भारतीय खेळाडू तिथे कमी पडतो आणि आणखी काही वर्षं पडेल. मात्र ‘रग्बी’ म्हणजे एवढंच असं धरणं चूक आहे.

ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून खेळली जाते ती सेव्हन्स. मैदान तेवढंच, साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, पण खेळाडू सात आणि अर्ध ७ मिनिटांचं. स्क्रममध्ये तीन विरुद्ध तीन. इतक्या मोकळ्या जागेत दर वेळी ताकदीने भिंत फोडायची गरज पडत नाही, दोघांमधली फट शोधता आली पाहिजे. लागतो तो वेग, वारंवार धावण्याचा दम आणि दोन्ही हातांनी अचूक पास. आपल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही सेव्हन्सच खेळली जाते. शिवाय १९ वर्षांखालच्या पंधरा जणांच्या खेळात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटायला नियमानेच बंदी आहे. वजनाचा फायदा तिथे मुद्दाम आवरलेला आहे.

पंधरा जणांच्या खेळातही सगळे राक्षस नसतात. दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे जेमतेम १७२ सेंटिमीटर उंच आहे आणि २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला, म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले. फ्रान्सचा अँटोइन ड्युपाँ १७४ च्या आसपास, तो २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. जपानने २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. जपानच्या संघात परदेशात जन्मलेले खेळाडूही होते, हे सांगायलाच हवं. पण त्या सामन्यात त्यांनी टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं) कमरेखाली ठेवले, चेंडू भराभर हलवला आणि समोरच्यांना ऐंशी मिनिटं पळवलं. उंची नसलेल्या संघाचं हेच हत्यार असतं.

आपल्याकडे तर यासाठी तयार मुलं आहेत. कबड्डी खेळलेल्या मुलाला अंगाला अंग भिडवायची भीती नसते. खो-खो खेळलेल्या मुलीला पूर्ण वेगात दिशा बदलता येते, हुलकावणी देता येते आणि सूर मारायची सवय असते. या दोन खेळांतून आलेली मुलं पहिल्या महिन्यात इतरांच्या पुढे असतात. दुसऱ्या महिन्यात मात्र त्यांच्या काही सवयी आड येतात. त्या वेळीच मोडल्या नाहीत तर ‘आपल्या मुलांना जमत नाही’ असा शिक्का बसतो.

कबड्डीतला पकडणारा खेळाडू शिट्टी होईपर्यंत चढाईपटूला सोडत नाही. रग्बीत समोरचा खाली पडला की टॅकल करणाऱ्याने ताबडतोब हात सोडून बाजूला व्हायचं असतं. कबड्डीच्या मुलांचा नवा संघ पहिल्या सामन्यात सर्वाधिक पेनल्टी इथे देतो. उपाय सोपा आहे. सरावात प्रत्येक टॅकलनंतर ‘सोड, लोळ, उठ’ असे तीन शब्द मोठ्याने म्हणायला लावायचे आणि दोन सेकंदांत जो उभा राहिला नाही त्याचा टॅकल मोजायचा नाही.

दुसरी सवय धडकेची. चढाईपटूला खांद्याने किंवा छातीने रेषेबाहेर लोटणं कबड्डीत चालतं. रग्बीत हातांची मिठी न घालता खांदा मारला की पेनल्टी, आणि जोर जास्त असेल तर कार्ड. तिसरी साखळीची. दोघांनी हात धरून उभं राहणं रग्बीत निरुपयोगी आहे, धावणारा सरळ मधून किंवा कडेने जातो आणि दोघांचाही एकेक हात अडकलेला असतो. घोट्याला झेपावून धरणं रग्बीत नियमात बसतं, पण धोक्याचं आहे. कबड्डीत समोरचा परत फिरत असतो, रग्बीत तो पूर्ण वेगात अंगावर येतो. डोकं त्याच्या पायांसमोर गेलं तर गुडघा कानशिलावर बसतो.

म्हणून टॅकल कसा शिकवायचा, ते क्रमाने. आधी दोघंही गुडघ्यांवर, मग उकिडवे, मग चालत, मग हलक्या धावेने. पुढची पायरी तेव्हाच, जेव्हा मागच्या पायरीवर दोन्ही खांद्यांनी पाच-पाच टॅकल स्वच्छ झाले. नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवायची. खांदे आणि डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. जवळ आल्यावर पावलं आखूड करायची आणि ज्या खांद्याने भिडायचं त्याच बाजूचा पाय पुढे, समोरच्याच्या पायाजवळ टाकायचा. खांदा मांडी आणि कंबर यांच्या मध्ये. डोकं बाजूला किंवा मागे, गाल त्याच्या बाजूला चिकटलेला, पण त्याच्या वाटेत कधीच नाही. हातांची घट्ट मिठी, पाय चालूच, आणि पडताना आपण वर.

चुका ठरलेल्या असतात. पाय लांब राहिला की मुलगा झेप घेतो, आणि झेप घेतली की डोळे मिटतात. हात लांब पसरून थोपवायला गेला की खांदा निखळायची भीती. डोकं वाटेत आलं की मानेवर ताण. आणि उजव्या हाताची मुलं नेहमी उजव्याच खांद्याने भिडायला जातात, त्यासाठी डोकं चुकीच्या बाजूला घालतात. डाव्या खांद्याचा सराव उजव्याच्या दुप्पट घ्या. जोड्या लावताना वजनात दहा किलोंहून जास्त फरक ठेवू नका. वयाचा दाखला काहीही सांगो, डोळ्यांना फरक दिसतो.

‘मैदानं कडक, हाडं मोडतील’

यातला पहिला भाग खरा आहे. मुरमाच्या मैदानावर टॅकल घेऊच नये, तिथे गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. तपासायची रीत साधी आहे: बुटाची टाच जोरात दाबा. खळगा पडला तर टॅकलचा सराव चालेल. नुसती धूळ उडाली तर त्या दिवशी फक्त टॅग, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेला खोचलेली पट्टी ओढून अडवायचा खेळ.

पण यावरून ‘भारतात मैदानच नाही’ असं म्हणता येत नाही. टॅकल शिकण्यासाठी अख्खं मैदान लागत नाही, दहा बाय दहा मीटरची मऊ जागा लागते. गुडघ्यांवरचा आणि उकिडव्याने करायचा टॅकल कुस्तीच्या मॅटवर किंवा तालमीच्या मातीत उत्तम होतो, आणि तालीम महाराष्ट्रात शोधावी लागत नाही. किनारपट्टीवर वाळू आहे. बाकी ठिकाणी आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचं. सकाळी मारलं तर वर चिखल होतो, खाली दगड तसाच राहतो. सरावापूर्वी मुलांना हातभर अंतरावर एका ओळीत उभं करून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं आणि खडे, काचा, खिळे वेचून घ्यायचे. हे रोज. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यात येतो, त्यातही एक शहाणपण आहे. मैदान मऊ असतं आणि क्रिकेटने मोकळं केलेलं असतं.

आणि हाडं मोडतात ती बहुतेकदा पडता न आल्यामुळे. आपल्या बहुतेक सरावांत पडणं शिकवलंच जात नाही, थेट टॅकल सुरू होतो. क्रम उलटा हवा. पहिले दोन आठवडे फक्त पडणं: चेंडू दोन्ही हातांनी छातीशी, मग गुडघा, मांडी, कंबर, खांदा या क्रमाने जमिनीला टेकायचं. गुडघ्यांवरून दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, मग उकिडव्याने, मग चालत. मूल आधारासाठी हात पुढे टेकवतं तिथे मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. हात चेंडूवर गुंतवून ठेवले की ही सवय आपोआप मोडते, म्हणून चेंडूशिवाय पडायचा सराव घेऊ नये.

डोक्याला मार लागणं हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यात सवलत नाही. रग्बीतल्या सुमारे निम्म्या दुखापती टॅकलमध्ये होतात आणि डोक्याच्याही तिथेच जास्त. मूल पडल्यावर क्षणभर निपचित राहिलं, उठताना तोल गेला, नजर हरवली, स्कोअर किंवा समोरचा संघ कोणता ते सांगता आलं नाही, डोकं दुखतं किंवा मळमळतं म्हणालं, तर ते बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही. रात्री एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं, आणि सर्वसाधारण खेळात किमान २१ दिवस सामना नाही. तोंडावर पाणी मारून ‘उठ, काही नाही झालं’ म्हणणारा कोच बदलावा. निपचित पडलेल्या मुलाला बखोटीला धरून उभं करणं हा तर गुन्हा समजावा, मानेला इजा असेल तर ती तिथेच वाढते.

‘साहित्य परवडत नाही’

तीस मुलांच्या शाळेला काय लागतं ते मोजू. १० ते १४ वयासाठी चार नंबरचे आठ चेंडू, त्याहून लहानांसाठी तीन नंबरचे, १५ वर्षांपुढे पाच नंबरचे. चाळीस मार्कर, चार रंगांच्या बिब, तीस टॅगपट्टे, एक शिट्टी, बर्फाची पेटी आणि प्रथमोपचाराचं साहित्य. टॅगपट्टे नसतील तर जाड सुती कापडाच्या हातभर पट्ट्या दोन्ही कुशींना चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचल्या तरी चालतं. फक्त गाठ मारू द्यायची नाही, ओढताना बोट अडकतं. टॅकलपर्यंत पोहोचल्यावर चार पॅड आणि एक टॅकल बॅग. बॅट, ग्लोव्ह्ज, पॅड, नेट यांच्या शेजारी ही यादी ठेवून बघा.

खर्चापेक्षा निष्काळजीपणा महागात पडतो. मोठा चेंडू ४१० ते ४६० ग्रॅमचा असतो आणि त्यात हवेचा दाब ९.५ ते १० पीएसआय हवा. आपल्याकडे तो दगडासारखा फुगवतात. मग लहान बोटांना तो धरवत नाही, अंगठा मुरगळतो आणि ‘मुलांना पकडता येत नाही’ अशी तक्रार होते.

फुटबॉलचे बूट चालतात. स्टड २१ मिलिमीटरपेक्षा लांब नकोत आणि कडेला धार आलेली नको, सामन्याआधी बोट फिरवून बघायचं. टॅकलच्या खेळात माउथगार्ड घातल्याशिवाय कोणाला उतरवू नये. गरम पाण्यात मऊ करून बसवायचा साधा प्रकार पुरतो: पाकिटावर लिहिलेली सेकंदं पाळायची, वरच्या दातांवर बसवायचा, हलका चावा आणि आत हवा ओढायची. नीट बसलेला माउथगार्ड तोंड उघडल्यावर खाली पडत नाही. मुलं तो चघळत राहतात आणि दाढेपाशी झिजवून टाकतात, झिजला की बदलायचा. दातांना तारा असतील तर हा प्रकार चालत नाही, दंतवैद्याकडून घ्यावा लागतो.

एच आकाराचे खांब? नाहीत तर नाहीत. ट्रायचे पाच गुण मोजा आणि कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक) सोडून द्या. फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही टोकांकडून सहा-सहा मीटर आत फक्कीने रेघ ओढली की ट्रायची जागा तयार होते.

‘मुलींसाठी तर नकोच’

भारतीय महिला संघ पंधरा जणींचा आंतरराष्ट्रीय खेळ २०१८ मध्ये पहिल्यांदा खेळला. जून २०१९ मध्ये मनिला इथे त्यांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, हा या प्रकारातला आपल्या महिलांचा पहिला विजय. शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची, कर्णधार वाहबिज भरुचा पुण्याची. बिहारच्या बाढजवळच्या गावातली स्वीटी कुमारी त्याच काळात आशियातल्या वेगवान खेळाडूंत गणली गेली. २०२१ मध्ये ताश्कंदला १८ वर्षांखालच्या मुलींनी आशियाई सेव्हन्समध्ये रौप्य मिळवलं. खेळ वाढतोय का, असं कोणी विचारलं तर सर्वांत ठोस पुरावा मुलींचाच आहे. त्यामुळे ‘मुलींना नको’ हे वाक्य या खेळाचा सर्वांत मजबूत पाय कापणारं आहे.

काळजी घ्यायची ती अशी. टॅगमध्ये १२ वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळायला हरकत नाही. त्यापुढे टॅकलचा खेळ वेगळा. मुलींच्या सरावात मानेचे व्यायाम वगळू नयेत: डोक्यावर हात ठेवून चारही दिशांना दहा-दहा सेकंद हलका विरोध, आठवड्यातून तीनदा. मान मजबूत असेल तर पडताना डोकं हिसडत नाही. गुडघ्याच्या बाबतीत उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का ते बघा. वळत असतील तर वळणांचा वेगवान सराव पुढे ढकला आणि आधी स्क्वॉट व एका पायावर तोल सुधारा.

मुली खेळ सोडतात त्यामागे दुखापतीपेक्षा इतर कारणं जास्त असतात. कपडे बदलायला जागा नसते, सराव अंधार पडेपर्यंत चालतो, सोबत कोणी बाई नसते. साडेपाचला संपणारा सराव आणि कुलूप लागणारी एक खोली, एवढ्यावर संघ टिकतो.

‘नियम कोणाला कळत नाहीत’

सगळे नियम पहिल्या दिवशी कोणालाच लागत नाहीत. सुरुवातीला पाच पुरतात: चेंडू घेऊन पुढे धावायचं, पास बाजूला किंवा मागे द्यायचा, चेंडू ज्याच्याकडे त्यालाच अडवायचं, अडवल्यावर चेंडू सोडायचा, बाकीच्यांनी चेंडूच्या मागच्या बाजूने यायचं.

टॅगमध्ये पट्टी ओढणाऱ्याने ‘टॅग’ म्हणून ती वर धरायची, धावणाऱ्याने तीन सेकंदांत पास द्यायचा, पट्टी परत घेऊन खोचायची आणि मगच पुन्हा खेळायचं. सहा टॅग झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. एवढं चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत शिकवून होतं. मागे पास देणं मुलांना विचित्र वाटतं, कारण फुटबॉल आणि हँडबॉलने उलट शिकवलेलं असतं. यावर भाषण नको. पाच जणांना तिरक्या ओळीत, प्रत्येकाला पुढच्याच्या दोन मीटर मागे, चालत चालत चेंडू शेवटपर्यंत न्यायला लावा. चौथ्या फेरीला शरीराला कळतं. रक (जमिनीवरच्या चेंडूसाठी उभ्याने होणारी रेटारेटी), लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन ओळींमध्ये फेकणं), स्क्रम हे पुढच्या हंगामात. जागतिक संघटनेने २०२३ मध्ये आणलेला टी-वन हा बिनटॅकलचा प्रकार या मधल्या टप्प्यासाठीच आहे.

‘खेळून नोकरी नाही’

चूक. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातून भरतीसाठीच्या खेळांची यादी २०२० मध्ये ४३ वरून ६३ झाली, तेव्हा रग्बी त्यात आली. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. घोटाळा होतो तो प्रमाणपत्रात. खासगी आयोजकांच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र इथे उपयोगी नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, ते नाव नोंदवण्याआधी विचारा, आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी अर्जाची तारीख डोक्यावर येण्याआधी करून घ्या. नोकरीसाठीच मुलांना रग्बीत घालावं, असं आमचं मत मुळीच नाही. पण दार बंद आहे असं सांगणं खोटं आहे.

‘लीगने काही बदलणार नाही’

रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम १५ ते २९ जून २०२५ या काळात मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. सहा संघ, चार-चार मिनिटांचे चार भाग, आणि अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१-० असं हरवलं. प्रत्येक संघात नामवंत परदेशी खेळाडूंबरोबर भारतीय खेळाडू होते. एवढ्यावरून ‘रग्बी आली’ म्हणणारे जसे घाई करतात, तसेच ‘फुकट गेलं’ म्हणणारेही. लीगमुळे भारतीय खेळाडूला जगातल्या उत्तम खेळाडूंशेजारी सराव करायला मिळाला आणि घरातल्या पडद्यावर सेव्हन्स दिसली. तालुक्याच्या शाळेत कोच पाठवणं हे लीगचं काम नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

ते काम जिल्ह्यातल्या चार शाळा मिळून करू शकतात. फुटबॉलच्या मैदानावर आडव्या दिशेने दोन टॅग मैदानं आखायची, प्रत्येकी साठ बाय चाळीस मीटर. चारही संघ एकाच दिवशी बोलवायचे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हणजे सहा सामने. ७ मिनिटांची दोन अर्धी, मध्ये २ मिनिटं आणि पुढच्या सामन्यासाठी ४ मिनिटं, असे एका सामन्याला २० मिनिटं. दोन मैदानांवर सगळं एका तासात संपतं आणि प्रत्येक मुलाला तीन सामने मिळतात. महिन्यातून दोनदा, जुलै ते नोव्हेंबर, परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी सोडून. बाद पद्धत ठेवू नका. तीस किलोमीटर एसटीने येऊन चौदा मिनिटांत हरून परत गेलेला संघ पुढच्या वेळी येत नाही.

क्रीडाशिक्षकाची बदली झाली की संघ मोडतो, हा सगळीकडचा अनुभव. म्हणून प्रत्येक शाळेत दोन मोठे असावेत, एक शिक्षक आणि एक माजी विद्यार्थी किंवा पालक. नियम, सुरक्षितता आणि डोक्याच्या दुखापतीवरचे जागतिक संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. ते दोघांनीही पहिल्या सरावाआधी पूर्ण करावेत.

रेफरी बाहेरून येईल या आशेवर बसू नका. नववी-दहावीतल्या प्रत्येक संघातून दोघांना शिट्टी द्या, आधी लहानांच्या टॅग सामन्यांना. पहिल्या महिन्यात त्यांनी फक्त दोन गोष्टी बघायच्या: पास पुढे गेला का, आणि बचाव करणारे वेळेआधी पुढे आले का. बाकी सुटलं तरी चालेल. नवा रेफरी चेंडूकडे टक लावून उभा राहतो आणि त्याला बचावाची ओळ दिसतच नाही. त्याला पास देणाऱ्याच्या रेषेत, बाजूला पाच मीटरवर उभं राहायला शिकवा, तिथून दोन्ही दिसतं. त्याच्यावर ओरडणाऱ्या शिक्षकाला किंवा पालकाला त्या दिवसापुरतं मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार आयोजकाने आधीच लेखी देऊन ठेवावा. दोन मैदानांवर शिट्टी कोण वाजवणार, ती दोन नावं प्रत्येक तारखेपुढे लिहून झाल्यावरच वेळापत्रक शाळांना पाठवावं.